सोसायटीत जपानी उंदोकाई भरवायचीये? मग हे वाचा

२६ जानेवारीला आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. झेंडावंदन, वडापाव नाहीतर समोसा, बारक्या मुलांचं लिंबू-चमचा, बायकांची संगीत खुर्ची, आणि मग तेच ठरलेले फिट पोरगे बॉक्स क्रिकेट खेळणार आणि बाकीची सगळी घरं गॅलरीतून बघणार, किंवा तेही नाही, सरळ परत जाऊन झोपणार. वर्गणी मात्र सगळ्यांनी दिलेली असते.

जपानमध्ये गल्लीगल्लीची जी स्पोर्ट्स डे असते, उंदोकाई म्हणतात तिला, तिचं गणित बरोबर उलटं आहे. तिथे खेळच असे निवडतात की सगळ्यात हळू पळणारा माणूसही टीमला लागतो. आजी लागते, तीन वर्षांचं पोर लागतं, गुडघे दुखणारे काका पण लागतात. बाकी तंबू, शिट्ट्या, लाल-पांढऱ्या पट्ट्या हा सगळा साज आहे, मूळ गोष्ट ही एवढीच आणि ती आपल्याला कॉपी करायला काहीच हरकत नाही. माझी नणंद तोक्योच्या एदोगावा वॉर्डात निशी-कसाईला राहते, तिथे आपले आयटीवाले भरपूर आहेत, आपल्या अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडून आले ते बऱ्याच जणांनी पेपरात वाचलं असेल. तिच्याकडून खेळांचे व्हिडिओ, नियम, यादी सगळं घेऊन आम्ही घणसोलीत हे करतो. दरवेळी ठाण्याहून, खारघरहून कोणीतरी विचारतंच की कसं केलं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण कमिटीसमोर बोलताना लागते. जपानमधली पहिली उंदोकाई १८७४ ची धरतात, तोक्योत त्सुकिजीला नौदलाची अकॅडमी होती, तिथल्या ब्रिटिश प्रशिक्षकांनी कॅडेट लोकांच्या शर्यती भरवल्या. मग सरकारने ते शाळांमध्ये नेलं, पण तेव्हा पुष्कळ शाळांना स्वतःचं ग्राउंडच नव्हतं, मग चार-पाच शाळा मिळून देवळाच्या आवारात नाहीतर नदीकाठी जमायच्या, पोरांच्या मागे आईबाप डबे घेऊन यायचे, आणि बघता बघता त्या शाळेच्या कवायतीची गावची जत्रा झाली. शहरात हेच काम चोनाइकाई करते, म्हणजे आपल्या सोसायटी कमिटीपेक्षा मोठी, अख्ख्या मोहल्ल्याची रहिवासी मंडळी. या मंडळांवर १९४७ मध्ये अमेरिकी अंमलाखाली बंदी आली होती, १९५२ नंतर ती परत उभी राहिली. १० ऑक्टोबर १९६४ ला तोक्यो ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं, त्याची आठवण म्हणून १९६६ पासून तो दिवस राष्ट्रीय सुट्टी, आता ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते, आणि त्याच्या आसपासच्या रविवारी मोहल्ल्यांच्या उंदोकाई होतात. हल्ली तिथेही म्हातारी माणसं वाढली, वर्षभर राबणारे कार्यकर्ते मिळेनात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी बंद पडल्यात किंवा अर्ध्या दिवसावर आल्यात. हा अर्धा दिवस आपल्याला फार सोयीचा आहे, पुढे सांगते.

तारीख आणि वेळ

ऑक्टोबर विसरा. तिकडे ऑक्टोबर म्हणजे गुलाबी हवा, आपल्याकडे ऑक्टोबर हीट. ठाणे-नवी मुंबईत डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात एवढीच खिडकी आहे, त्यातही नाताळच्या आठवड्यात अर्धी सोसायटी कोकणात किंवा गोव्यात असते आणि फेब्रुवारी लागला की दहावी-बारावीवाल्या घरांत कर्फ्यू. म्हणून २६ जानेवारी किंवा त्याच्या लगतचा रविवार. झेंडावंदनाला माणसं खाली आलेलीच असतात, त्यांना परत लिफ्टमध्ये शिरू न देणं एवढंच काम उरतं.

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. झेंडावंदन आटपून साडेआठला सुरू करा आणि काही झालं तरी साडेबारापर्यंत शेवटचा खेळ संपवा. दिवसभराचा कार्यक्रम ठेवलात तर जेवणानंतर माणसं परत येत नाहीत, हे लिहून घ्या. आदल्या रात्री केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर हवेचा आकडा बघा, जानेवारीत आपल्याकडे बांधकामाची धूळ आणि धुरकं जमिनीलगत बसतं, आकडा फारच वाईट असेल तर पळायचे खेळ कमी करा आणि दम्यावाल्यांना स्कोअर टेबलावर बसवा.

जागा, परवानग्या

पोडियमवर करायचा मोह होतो कारण घरचंच आहे, परवानगी नको, बाथरूम जवळ. पण पोडियमच्या टाइल्सवर पाणी सांडलं की घसरगुंडी होते, आणि पडलं की लागतं ते नीट लागतं. बसून किंवा उभ्याने खेळायचे खेळ पोडियमवर चालतील, रस्सीखेच आणि रिले मातीवरच. जवळच्या शाळेचं मैदान सगळ्यात बरं, मुख्याध्यापकांना वेळेत भेटलात आणि ग्राउंड झाडून देतो म्हणालात तर बहुतेक वेळा मिळतं. महापालिकेचं किंवा सिडकोचं मैदान हवं असेल तर अर्ज दीड-दोन महिने आधी टाका, २६ जानेवारीला सगळ्यांनाच मैदान हवं असतं. ठाण्यात घोडबंदर पट्ट्यातल्या मोठ्या कॉम्प्लेक्सना आतच ग्राउंड आहे, त्यांनी नशीब समजावं.

स्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी घ्या. आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ बंदी आणि रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, म्हणजे डीजेचा प्रश्नच मिटला. खरं सांगू का, डीजे लावलात की उंदोकाई मेली. माणसं एकमेकांना ओरडून चिअर करतात ते ऐकू यायला हवं. हातातला भोंगा आणि दोन शिट्ट्या पुरतात.

कमिटीकडून खर्चाची मंजुरी मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या, तोंडी नको. दोन-चार जण दरवर्षी विचारतात की मेंटेनन्सच्या पैशातून खेळ का, त्यांच्यासाठी एक उत्तर तयार ठेवा, ते खाली बादलीच्या खेळात आहे.

टीम कशा पाडायच्या

जपानमध्ये शाळांत लाल आणि पांढरा अशा दोन बाजू असतात, बाराव्या शतकातल्या तायरा आणि मिनामोतो घराण्यांच्या लढाईपासून ते रंग आलेत, तायरांचे झेंडे लाल, मिनामोतोंचे पांढरे. मोहल्ल्यात मात्र वस्तीप्रमाणे टीम पडतात, एक नंबर चो-मे विरुद्ध दोन नंबर चो-मे, आपल्या सेक्टरसारखंच.

आपल्याकडे पहिला विचार येतो विंगप्रमाणे. करू नका. ए विंगला थ्री बीएचके आणि डी विंगला वन बीएचके असेल तर खेळाच्या नावाखाली काय काय बाहेर येतं ते तुम्हाला कळतंच. त्यापेक्षा सम मजले लाल आणि विषम मजले पांढरे. याने सगळ्या विंगा आपोआप मिसळतात, मालक आणि भाडेकरू मिसळतात, आणि डोक्यावर खुर्ची सरकवणारे वरचे शेजारी विरुद्ध टीममध्ये जातात, त्यामुळे वर्षभराचा राग रस्सीवर निघतो. रो-हाउस असतील, कोपरखैरण्यासारखे, तर एक आड एक लाइन करा. रंग लाल-पांढराच ठेवा. भगवा, निळा, हिरवा यातलं काही घेतलंत की इलेक्शनचा वास येतो आणि ग्रुपवर भांडणं सुरू. टी-शर्ट छापू नका, पैसे वाया. जुन्या ओढण्या आणि चादरी फाडून पट्ट्या करा, कपाळाला नाहीतर दंडाला बांधा.

वॉचमन, हाउसकीपिंगवाले, त्यांची मुलं, रोज कामाला येणाऱ्या मावश्या यांनाही टीममध्ये घ्या. यावर कमिटीत कुजबुज होईल, होऊ दे. ही माणसं बाजूला उभी राहून सतरंज्या उचलणार असतील तर तो मोहल्ल्याचा खेळ कसला.

खेळ

आठ खेळ बास. त्याहून जास्त घेतले की वेळ कोलमडते. सुरुवात राजिओ ताइसोने होते, रेडिओवरची कवायत, जपानमध्ये १९२८ पासून चालू आहे आणि आजही सकाळी साडेसहाला एनएचके या तिकडच्या रेडिओवर लागते, तेरा हालचाली, तीनेक मिनिटं, लहान पोरापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना जमते. आपण जपानी कवायत आणायची गरज नाही. आपल्या लाफ्टर क्लबचे आजी-आजोबा रोज सकाळी बागेत हात फिरवतातच, त्यांना पुढे उभं करा आणि पाच मिनिटं त्यांच्या ताब्यात द्या. सकाळच्या पहिल्याच मिनिटाला ज्येष्ठ मंडळी लीडर झाली की ती मग साडेबारापर्यंत हलत नाहीत.

मग तामाइरे, आणि एकच खेळ घ्यायचा असेल तर हाच घ्या. उंच बांबूवर टोपली, खाली जमिनीवर कापडी चेंडू विखुरलेले, शिट्टी झाली की सगळी टीम एकदम चेंडू उचलून टोपलीत फेकते, दीड मिनिटाने थांबायचं. बस. नेम चांगला असलेला एखादा पोरगा एकटा जिंकून देऊ शकत नाही कारण चेंडू शंभर आणि माणसं तीस, आणि जो फेकू शकत नाही तो खालचे चेंडू गोळा करून हातात देतो. होक्काइदोतल्या वास्सामू गावाने तर याचा नियमबद्ध स्पोर्ट करून टाकलाय, तिथे टोपली ४.१२ मीटर उंच असते. आपण मोठ्यांसाठी साडेतीन मीटर, बारा वर्षांखालच्यांना सव्वादोन मीटर आणि बालवाडीवाल्यांसाठी एका काकांच्या पाठीवर टोपली बांधून त्यांना हळूहळू पळायला लावायचं, पोरं वेडी होतात.

सामान असं: बांबू मंडपवाल्याकडून, टोपली वाशीच्या एपीएमसीत फळमार्केटला जुनी करंडी मिळते, ठाणेकरांनी जांभळी नाक्यावर बघा. नाहीतर घरातली धुण्याची जाळीची बास्केट उलटी बांधू नका म्हणजे झालं. बांबू जमिनीत रोवायचा नसेल तर दोन धडधाकट माणसांनी धरून उभं राहायचं, जपानमध्येही कोणीतरी धरूनच असतं, फक्त डोक्याला हेल्मेट घाला कारण चेंडू त्यांच्याच टाळक्यावर पडतात. चेंडूंसाठी जुने मोजे जमवा, आत कापडाच्या चिंध्या भरून तोंड शिवून टाका, अर्धे लाल कपड्यात अर्धे पांढऱ्या. तांदूळ-कडधान्य भरू नका, जपानमध्ये भरायचे पूर्वी, पण आपल्या दमट हवेत पावसाळ्यानंतर त्यात पोरकिडे होतात. टेलरकडे चिंध्या फुकट मिळतात आणि शिवायचं काम सोसायटीतल्या बायकांनी दोन दुपारी बसून केलं की त्यातच अर्धी पब्लिसिटी होते.

मोजणी सगळ्यात भारी. वेळ संपल्यावर टोपली खाली उतरवायची आणि दोन्ही टीमचा एकेक माणूस एकाच वेळी एकेक चेंडू हवेत उंच उडवत मोजणार, एक, दोन, तीन, सगळं मैदान एका सुरात. एका टोपलीतले चेंडू संपतात आणि दुसरीकडचा अजून उडवतोय, तेव्हा जो आवाज होतो तो दहीहंडी फुटल्यावरच ऐकायला मिळतो. म्हणून चेंडू पटापट ढिगाने मोजून आकडा सांगण्याचा शहाणपणा करू नका.

दुसरा हुकमी खेळ कारिमोनो, म्हणजे मागून आणायची शर्यत. वीस मीटरवर टेबल, टेबलावर उलट्या चिठ्ठ्या, पळत जायचं, चिठ्ठी उचलायची, त्यात लिहिलेली वस्तू किंवा माणूस प्रेक्षकांतून मागून आणायचा आणि दोघांनी मिळून फिनिश लाइनला पोचायचं. सगळी मजा चिठ्ठीत आहे त्यामुळे चिठ्ठ्या लिहायला वेळ काढा. काळी छत्री, कोल्हापुरी चप्पल, डाव्या हाताने जेवणारा माणूस, यंदाच राहायला आलेलं कुटुंब, सातव्या मजल्यावरचं कोणीही, जिचं लग्न साताऱ्यात झालं ती बाई, रात्रपाळी करणारा, तीन भाषा येणारी आजी. असं लिहिलं की माणूस गर्दीत जाऊन ओरडत फिरतो, अहो सातव्या मजल्यावरचं कोण आहे, आणि चार वर्षं लिफ्टमध्ये मान खाली घालून उभे राहणारे दोघं हात धरून पळताना दिसतात. वजन, टक्कल, लग्न न झालेले, मूल नसलेले, जात-धर्म, यावर एकही चिठ्ठी नको. आणि मोबाइल, पाकीट, दागिने मागायला लावू नका, हरवलं तर पुढचं वर्ष बोंब.

ताइफू-नो-मे म्हणजे वादळाचा डोळा. पाच जण एक लांब बांबू आडवा धरून पळतात, वाटेत दोन कोन ठेवलेले, प्रत्येक कोनाभोवती गोल फिरायचं, बाहेरच्या टोकाच्या माणसाला सगळ्यात जास्त पळावं लागतं म्हणून तिथे पोरगा आणि आतल्या टोकाला काकू. परत आल्यावर बांबू आपल्या रांगेच्या पायांखालून मागे न्यायचा, सगळ्यांनी उड्या मारायच्या, मग डोक्यावरून पुढे आणायचा आणि पुढच्या पाच जणांना द्यायचा. बांबूऐवजी पीव्हीसी पाइप घ्या, हलका पडतो, टोकांना फोम नाहीतर जुनं फडकं गुंडाळा. उड्या न जमणाऱ्यांनी रांगेबाहेर एक पाऊल टाकायचं, पंचांना आधीच सांगून ठेवा.

मोठा चेंडू ढकलण्याची शर्यत तिकडे फार गाजते, माणसाच्या छातीएवढा चेंडू असतो, पण तो इथे शोधत बसण्यात अर्थ नाही. टायर आणि काठी घ्या. चाळीशीच्या पुढच्या निम्म्या लोकांनी गावी हेच केलंय आणि त्यांच्या पोरांना ते बिलकुल जमत नाही, बाप एकदम हिरो होतात.

पाव खाण्याची शर्यत म्हणजे पान-कुई. दोरीवर पाव टांगलेले, हात मागे, उडी मारून तोंडाने पकडायचा आणि पळायचं. तिकडे बहुतेक अनपान टांगतात, अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण भरलेला पाव, गिंझातल्या किमुराया बेकरीने तो १८७४ मध्ये काढला, म्हणजे पहिली उंदोकाई आणि हा पाव एकाच वर्षीचे. आपण क्रीमरोल किंवा बनपाव टांगायचा, पण पॅकिंगसकट, तिकडेही आता पिशवीसकटच टांगतात. पाकीट दातात धरून शर्यत संपवायची आणि नंतर बसून खायचं, पळता पळता खायचं नाही, घशात अडकतं. सहा वर्षांखालची मुलं आणि कवळीवाले आजोबा यात नकोत, कितीही हट्ट केला तरी.

आता कमिटीला द्यायचं उत्तर. जपानच्या मोहल्ल्यांत उंदोकाईत आपत्तीचे खेळ घालतात, भूकंपाचा देश आहे, १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपाच्या तारखेला ते दरवर्षी बचावाची ड्रिल करतात. त्यातला बादली रिले म्हणजे रांगेत उभं राहून पाणी भरलेल्या बादल्या हातोहात पुढे द्यायच्या आणि शेवटचं पिंप भरायचं. दुसरा, चादरीची स्ट्रेचर करून माणूस उचलून न्यायचा, माणसाऐवजी तांदळाची गोणी ठेवा. आपण एकवीस-बावीस मजल्यांच्या टॉवरमध्ये राहतो आणि अग्निशमन कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला सोसायटीला फायर सिस्टिम चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यावा लागतो, म्हणजे लायसन्सवाला एजन्सीचा माणूस जानेवारीत तुमच्याकडे येणारच असतो. त्यालाच उंदोकाईच्या दिवशी बोलवा. पाच-पाच जणांना फायर एक्स्टिंग्विशरची पिन काढून चालवायला लावा, वेळ लावा, पॉइंट द्या. मेंटेनन्सच्या पैशातून खेळ का म्हणणाऱ्यांना हे दाखवा, गप्प बसतात.

रस्सीखेच, नीट वाचा

हा खेळ सगळ्यांना येतो असं वाटतं म्हणून इथेच लोक जखमी होतात. १९२० पर्यंत हा ऑलिम्पिकमध्ये होता, थट्टेचा विषय नाही. १९९७ मध्ये तैपेईला मोठ्या सार्वजनिक रस्सीखेचीत नायलॉनची दोरी तुटली आणि दोन माणसांचे हात खांद्याजवळून तुटले. नायलॉन ताणला की लांबतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. तेव्हा कपडे वाळत घालायची, गाडी ओढायची, मंडपाची, कुठलीही नायलॉनची दोरी नको. सुती किंवा मनिला दोर, अंगठ्यापेक्षा चांगला जाड, शक्यतो कुठल्या तरी कॉलेजच्या जिमखान्यातून मागून आणा, तो खास या खेळाचा असतो.

हाताला किंवा कमरेला दोर गुंडाळायचा नाही, शेवटच्या माणसाने गाठ मारून आत उभं राहायचं नाही, अंगठ्या-घड्याळं काढा, अनवाणी नको, चपला तर मुळीच नको. एका बाजूला वीस माणसं पुरेत, तीस सेकंदांचा एक डाव, तीनपैकी दोन जिंकले की झालं. शिट्टी झाल्यावर दोर एकदम सोडायचा नाही, हळू खाली ठेवायचा, हे पंचाने प्रत्येक डावाआधी ओरडून सांगायचं. बायकांचा, मुलांचा, पुरुषांचा वेगळा डाव घ्या आणि चौथा मिक्स. आमच्याकडे घणसोली-कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची घरं पुष्कळ, मार्केटात आयुष्यभर गोण्या उचललेली माणसं, ती सगळी एका बाजूला गेली तर आयटीवाल्यांची टीम दोन सेकंदांत उडते, त्यामुळे सम-विषम झाल्यावरही इथे थोडी फिरवाफिरव करा.

शेवटी पिढ्यांची रिले. एक लहान मूल, एक शाळकरी, एक विशीतला, एक आई, एक पन्नाशीचे काका, एक साठीपुढचे. पहिल्यांना तीस मीटर, मधल्यांना साठ, ज्येष्ठांना पंधरा मीटर आणि त्यांना चालायची मुभा. बॅटन म्हणून लाटणं. बाप लोकांना माझी हात जोडून विनंती आहे की वॉर्मअप करा. जपानमध्ये तर हा दरवर्षीचा विनोद आहे की डोकं पुढे जातं, पाय मागे राहतात आणि बाबा तोंडावर आपटतात, कारण वर्षभर खुर्चीत बसून एकदम कॉलेजच्या स्पीडने पळायला जातात. छातीचा त्रास असलेल्यांना कितीही चेव आला तरी पंचांनी घेऊ नये.

पॉइंट, बक्षिसं, खाणं

जिंकलेल्या टीमला दहा, हरलेल्या टीमला पाच, एवढा सरळ हिशोब. रिलेला दुप्पट, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला. शेवटच्या दोन खेळांआधी स्कोअरच्या बोर्डावर चादर टाका, तिकडे हे असंच करतात, कोण पुढे आहे ते कोणालाच कळत नाही म्हणून कोणी निघून जात नाही. पंच म्हणून नववी ते बारावीची मुलं घ्या, काका लोक नको, काका लोकांना नियमावर भाषण द्यायचं असतं. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून अपील चालणार नाही हे सकाळीच जाहीर करा.

ट्रॉफी, मेडल यावर एक रुपया घालवू नका. जपानी उंदोकाईत बक्षीस म्हणून काय देतात तर टिश्यूचा डबा, कपडे धुण्याची पावडर, कचऱ्याच्या पिशव्या, स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्म. आपण भांड्याचा साबण, पावडरचं पाकीट, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशव्यांचा रोल, काडेपेटीचा पुडा असं होलसेलने घ्या आणि प्रत्येक खेळात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी द्या, जिंकणाऱ्याला थोडं मोठं. लोक आधी हसतात, मग चौथा साबण मिळवायला पाचव्या खेळात उतरतात. सगळ्यात कंजूष माणूस सगळ्यात जास्त खेळतो हे माझं निरीक्षण आहे.

खाण्याचं केटरिंग नको. सकाळी पोहे आणि चहा सोसायटीकडून, अधेमधे कोकम सरबत, लिंबू सरबत, आणि दुपारचा डबा प्रत्येकाने घरून. तिकडे लोक निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या अंथरून, बूट बाहेर काढून, घरच्या डब्यावर ताव मारतात. निळी ताडपत्री तर आपल्याकडे प्रत्येक बिल्डिंगच्या गच्चीवर पावसाळ्यापासून पडलेली असते, धुऊन खाली आणा. फक्त बसताना सम-विषम मिसळून बसवा, नाहीतर प्रत्येक जण आपल्याच मजल्यावरच्यांबरोबर बसतो.

सामानाच्या यादीत फक्की विसरू नका, रेषा आखायला लागते, आदल्या संध्याकाळी आखली तर रात्रीत कुत्री पुसतात म्हणून पहाटे आखा. बर्फ, ओआरएस, क्रेप बँडेज, अँटिसेप्टिक एका टेबलावर, सोसायटीतल्या एखाद्या डॉक्टरला त्या टेबलाजवळ बसायची विनंती करा, आणि १०८ नंबर बोर्डावर मोठ्या अक्षरात. मैदानाचं गेट ॲम्ब्युलन्ससाठी मोकळं, तिथे बाइक लावणाऱ्याची टीम पाच पॉइंट गमावणार असं जाहीर केलंत तर कोणी लावत नाही.

आवरणं

शेवटची शिट्टी झाली की हरलेली टीम ताडपत्र्या गोळा करते आणि जिंकलेली टीम कचरा, हा आमचा नियम. जपानमध्ये उंदोकाईत आपापला कचरा आपापल्या घरी नेतात, ते आपल्याकडे पहिल्या वर्षी जमणार नाही, पण मैदानातला कचरा हाउसकीपिंगवर सोडून निघून जायचं नाही, कारण तेही सकाळपासून खेळून दमलेत. संध्याकाळी कार्यकर्त्यांनी चहा-भजीवर बसून काय फसलं, काय चाललं ते लिहून काढायचं, त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी कोणाला काही आठवत नाही आणि ग्रुपवर फक्त फोटो येतात. चेंडू नीट वाळवून डांबरगोळ्या टाकून पोत्यात भरा, पाइप, दोर, टोपली एकत्र बांधा, वर सामानाची यादी चिकटवा आणि सोसायटी ऑफिसात ठेवा. पंपरूममध्ये ठेवू नका, उंदीर दोर कुरतडतात.